स्वेटरचे आभार

"पण मी इथे नसणारच आहे," ठकी म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

इंजेक्शन देऊन झालं होतं आणि गाल जड व्हायची वाट बघत आम्ही तिघी बसलो होतो. ठकी त्या लांबलचक खुर्चीत, पाय खुर्चीच्या निम्म्यापर्यंतच पोचलेले, गळ्यात कागदी लाळेरं. डॉक्टरीणबाई चाकांच्या स्टुलावर आणि मी भिंतीपाशी, मांडीवर ठकीचा कापडी हत्ती धरून. बाई मला समजावत होत्या, की किडलेली दुधाची दाढ काढली की तिथे एक बारीक तार बसवून घ्या. खालून पक्का दात यायला अजून काही वर्षं आहेत. तोवर जागा राखली नाही तर शेजारचे दात सरकत सरकत येऊन बसतात, आणि ज्याची जागा त्यालाच यायला वाट उरत नाही. "पण तार बसवली की अधूनमधून दाखवायला यावं लागेल हं. तुम्ही असाल ना इथेच?" असणारच की, आम्ही कुठे जातोय, असं मी म्हणणार होते. शब्द अगदी जिभेवर होते. तेवढ्यात ठकीने ते वाक्य बोलून टाकलं, आणि वर, औषधाने जाड झालेल्या ओठातून, मोठ्या माणसाच्या समजूतदारपणाने पुढची माहितीही दिली. "मी आत्याकले लाहणाल. तिकलच्या शालेत जाणाल. आई मागून येणाल आहे."

मी हसले. कुणी आपल्याला धक्का देऊन पुढे गेलं की आपणच आधी 'काही हरकत नाही' म्हणतो, तसं. "अरे वा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग तार तिकडच्याच कुणाकडून बसवून घ्या, उगाच दोन ठिकाणं नकोत." आणि मी मान हलवली. ती का हलवली हे मला अजून सांगता येत नाही. परक्या बाईसमोर आपल्याच घरातली गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, हे उघडं पडू नये एवढंच तेव्हा वाटलं असावं. छातीत काय झालं ते नंतर कळलं. आधी मी घरची अब्रू झाकली.

मग बाईंनी ठकीला सांगितलं, की आता जोरात ढकलल्यासारखं वाटेल, दुखणार नाही, दुखलं तर डावा हात वर करायचा. ठकीला हे सगळं पाठ होतं. आठवडाभर आमच्याकडे दुसरा उद्योगच नव्हता. पहिल्या तपासणीच्या वेळी बाईंनीच मला शिकवलं होतं: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, मुलांना भीती दुखण्याची नसते, न कळण्याची असते. मी ते मनावर घेतलं. चमच्याचा आरसा केला, बॅटरीचा दवाखान्यातला दिवा केला, आणि हत्तीला उशीवर झोपवून त्याला नसलेले दात रोज मोजले. ठकीच्या बाबाने पहिल्या दिवशी नेहमीसारखी थट्टा केली. "चला, ठकूबाई दात काढायला जाणार!" ती तेव्हापासून आरशासमोर उभी राहून दात काढायचा सराव करायला लागली. ओठ फाकवून, फिदीफिदी, पोट धरून. तिला वाटलं, तिथे जाऊन हसायचं असतं. मला ते पाहून गलबललं. मी तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, की दात काढणं दोन प्रकारचं असतं, आणि हे दुसऱ्या प्रकारचं आहे. टोचेल. थोडंसंच, पण टोचेल. मग गाल परका वाटेल. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "मग आधी हसू आणि मग काढू." बाबा दारातून म्हणाला, "बघ, तुझ्याहून शहाणी आहे. कशाला घाबरवत होतीस?" त्या संध्याकाळी जेवताना मी आभार मानले, की माझ्या मुलीला खरं सांगता येतं आणि ते तिला पेलतं.

चिमटा आत गेला तेव्हा मी तिचा पाय धरून होते. मोजा घसरून टाचेखाली गोळा झाला होता. दाढ निघताना एक आवाज होतो, ओल्या लाकडाची ढलपी निघावी तसा. मी तो ऐकला, पण माझ्या कानात दुसरंच चाललं होतं. लाहणाल. जाणाल. येणाल आहे. तिने हात वर केला नाही. बाई म्हणाल्या, "अशी मुलगी मी पाहिली नाही हो, किती छान तयार केलंत तुम्ही हिला." मी म्हटलं, "आभारी आहे."

आमच्याकडे या शब्दाचं राज्य सुरू झालं ते कारखाना बंद पडल्यापासून. ठकीचा बाबा चष्म्याच्या काड्या घासायचा. साच्यातून निघालेल्या काडीला बारीक धार असते, ती कानामागे टोचू नये म्हणून हाताने घासून गुळगुळीत करायची, हे त्याचं काम. त्याची बोटं अजून तशीच आहेत. टेबलाची कड दिसली की अंगठा आपोआप तिच्यावरून फिरतो, खरखरीत जागी थांबतो. कारखान्याने जाताना लोकांना काही दिलं असेल तर तो एक वर्ग. कामावरून सुटलेल्यांनी खचून कसं जाऊ नये याचा. तिथल्या बाईने सांगितलं होतं, रोज एकेका गोष्टीचे आभार माना, वाईट दिवस आपोआप हलके होतात. तो घरी येऊन हे सांगत होता तेव्हा मी डाळ घोटत होते, आणि मला हसू आवरेना. "आभार कुणाचे? कारखान्याला कुलूप लावणाऱ्याचे?" तो चिडला नाही. जेवायला बसल्यावर म्हणाला, "आज गरम पाणी आलं, त्याबद्दल आभार." ठकी लगेच म्हणाली, "बाबा घरी असतो, त्याबद्दल आभार." मग दोघं माझ्याकडे बघत राहिले.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. मी पहाटपाळीला असते, हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत. वाफेत उभं राहून दिवसभर पांढरं कापड बघितलं की डोळ्यांपुढे घरही पांढरं दिसतं, त्यावर काही उठत नाही. त्या आभारांनी मला एकेक वस्तू परत दिसायला लागली. ठकीने स्वतः लावलेलं उलटं बटण. शेजारणीने न मागता आत आणलेले वाळलेले कपडे. नवऱ्याने माझ्या बुटात सुकायला ठेवलेला कागदाचा बोळा. बाकीची घरं या दिवसांत एकमेकांवर वसावसा ओरडतात, आणि आपण तिघं बसून आभार मानतो, याचाही मला आतून गर्व वाटायचा. लाँड्रीत माझ्या समोर चादरीचं दुसरं टोक धरायला एक उंच बाई असते, तिला सगळ्या शिडी म्हणतात. चादर घडी करायची तर दोघींनी टोकं धरून मागे सरायचं, झटकायचं, मग चालत एकमेकींपाशी यायचं, टोक तिच्या हातात द्यायचं, पुन्हा मागे. दर खेपेला ती जवळ आली की एक वाक्य बोलते आणि मागे जाते. मी तिला आमच्या आभारांबद्दल सांगितलं. पुढच्या चादरीला जवळ येऊन ती म्हणाली, "माझा दादला आभार मानायला लागला तर मी आधी डबे उघडून बघीन, काय गेलंय ते." आणि झटकून मागे गेली. मी हसले. मला तिची कीव आली होती.

दवाखान्यातून निघालो तेव्हा रस्त्यावर दुपारचं कोरडं ऊन होतं. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानातून कानशीचा आवाज येत होता, शाळेची मोठी मुलं भिंतीला पाठ लावून उगाच उभी होती. ठकी माझं बोट धरून चालत होती, दुसऱ्या हातात कापसात गुंडाळलेली दाढ. मी विचारायचं ठरवलं आणि विचारलं नाही. पाच वर्षांच्या मुलीच्या तोंडून घरातली बातमी काढायची, ही मला चोरी वाटली. मग वाटलं, चोरी कुणी केलीय आणि चोरासारखी मी का चालतेय? "ठकू," मी शक्य तितक्या सपाट आवाजात म्हणाले, "आत्याकडे जायचं कधी ठरलं गं?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला म्हायतीये ना?" आणि तिच्या हनुवटीवर रक्ताचा ओघळ दिसला. मी गुडघ्यांवर बसले. दाढेच्या जागेतून ते येत नव्हतं. खालचा ओठ आतून चावून चावून तिने लाल मांस वर काढलं होतं, आणि मी बघत असतानाही ती चावतच होती, च्युइंगगम चघळावं तशी, डोळ्यांत कसलाही त्रास नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बधिरपणा उतरेपर्यंत ओठ चावू देऊ नका. मी ऐकलंच नव्हतं. रागाने माणसं दात-ओठ खातात म्हणतात. माझी मुलगी रागाशिवाय, शांतपणे, आपलाच ओठ खात होती. मी बोट आत घालून तिचे दात वेगळे धरले. "चावू नको. तो तुझाच ओठ आहे." "माझा नाहीये," ती बोटाभोवतून म्हणाली. "मला लागत नाहीये."

रस्त्याच्या कडेला, किल्लीवाल्याच्या पायरीवर, तिचा ओठ माझ्या ओढणीने दाबून धरून मी बाकीचं ऐकलं. बाबाला लांबच्या पुलावर काम मिळालंय. तिथे पत्र्याच्या खोल्यांत राहायचं असतं, मुली चालत नाहीत. आई पहाटे जाते, मग ठकीला कोण बघणार? म्हणून आत्या. आत्याच्या घराला जिना आहे. ठकीला खिडकीजवळची खाट मिळणार आहे. शाळेत मासे आहेत काचेत. हे सगळं ती अशा बेताने सांगत होती, की मला त्यातली पद्धत ओळखू आली. आधी सांगितलेलं, मग दाखवलेलं. "बाबाने फोनमध्ये शाळेचा फोटो दाखवला. गुपित होतं आधी. मग तू आत्याला आभार म्हणालीस ना, मग गुपित संपलं." "मी?" "फोनवर. बाबा म्हणाला, बघ, आईने आत्याचे आभार मानले."

किल्लीवाला कानस थांबवून बघत होता. "पाणी देऊ का ताई, लेकराला?" मी म्हटलं, नको, आभार. तो शब्द तोंडातून गेला आणि मला त्याची शिसारी आली.

फोन मला आठवत होता. विसरण्यासारखा नव्हताच तो. नवऱ्याची थोरली बहीण, मी तिला तोंडावर ताई म्हणते आणि मनात वन्सं. मूलबाळ नाही, मिस्टर गेल्यापासून मोठ्या घरात एकटी, आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा. तिने ठकीसाठी स्वेटर विणून पाठवला होता, जांभळा, जाड लोकरीचा. जेवण झाल्यावर नवरा म्हणाला, "ताईला फोन करून आभार मान ना. आजकाल ती आपल्यासाठी किती करते. तिला बरं वाटेल." आभाराच्या बाबतीत मी तेव्हा कंजूस उरले नव्हते. मी फोन लावला आणि मनापासून, अगदी भरभरून बोलले. "ताई, अशा दिवसांत तुम्ही आमच्या पाठीशी उभ्या राहिलात. हे उपकार मी विसरणार नाही." स्वेटर हा शब्द मी उच्चारला नसावा, कशाबद्दल बोलतोय ते दोघींना माहीतच आहे, असं मी धरून चालले.  पलीकडे ताईंचा तो आभाळाएवढा आवाज एकदम बारीक झाला. "तू मन मोठं केलंस गं. मला वाटलं नव्हतं तू करशील." मी चकित. मग त्या घाईघाईने म्हणाल्या, की बाह्या लांब ठेवल्यात, दुमडून घाला, इकडची थंडी पोरीला सोसायची नाही म्हणून लोकर जाड घेतली. मी 'इकडची' हा शब्द ऐकला आणि सोडून दिला. फोन ठेवून मी हसत नवऱ्याला म्हटलं, "तुझी ताई स्वेटरवरून रडली की रे!" तो भांडी आवरत होता. पाठमोरा. म्हणाला, "हळवी आहे ती."

पायरीवर बसल्या बसल्या मी मागच्या संध्याकाळी एकेक काढायला लागले, आणि त्या फोडणीतल्या मोहरीसारख्या आपोआप तडतडून वर यायला लागल्या. मला बहीण आहे, तो म्हणायचा, त्याबद्दल आभार. तिचं घर मोठं आहे, आभार. तिच्या गल्लीतच शाळा आहे म्हणे, किती चांगलं ना, आभार. आपली ठकी कुणाकडेही रमते, आभार. आणि परवाचा: आपली आई खंबीर आहे, काहीही सोसू शकते, त्याबद्दल बाबा आणि ठकी दोघांकडून आभार. त्या दिवशी माझे डोळे भरून आले होते. मी उठून त्याला आणखी एक पोळी वाढली होती. एकामागून एक, थेंब थेंब, इतकं हलकं, इतकं गोड, की टोचण्याआधी हिरडीला लावतात त्या औषधासारखं. मी घरी हत्तीला उशीवर झोपवून दात मोजत होते, आणि त्याच घरात, त्याच टेबलाशी, मला कुणीतरी उशीवर झोपवलं होतं. केसाने गळा कापणे म्हणतात. मला वाटायचं ही नुसती बोलायची रीत आहे, केसाने कसा गळा कापेल? कापतो. केसच असल्यामुळे मान हलवावीशी वाटत नाही.

ठकीला उचलून घेऊन घरी आले. ती खांद्यावर झोपली होती, जड, तोंडातून रक्ताळ लाळ माझ्या मानेवर. तो दार उघडून उभा. तिचा ओठ बघून त्याचा चेहरा पडला. "काय झालं? एवढं लागलं?" मी तिला खाटेवर ठेवलं, हत्ती कुशीत दिला, स्वयंपाकघरात आले आणि दार लोटून घेतलं.

"मासे आहेत म्हणे शाळेत," मी म्हणाले.

तो खुर्चीवर बसला. अंगठा टेबलाच्या कडेवर गेला. "मी आज सांगणारच होतो."

"सांगणार होतास की आभार मानणार होतास?"

"असं बोलू नकोस. तुला एकदम सांगितलं असतं तर तू आकांत केला असतास."

"केला असता."

"म्हणूनच ना! तुला त्रास होऊ नये म्हणून मी... अगं, पुलाच्या कामावर परवा हजर व्हायचंय. तू पहाटे जातेस. पोरीला कुलपात ठेवायचं का? दुसरा काही मार्ग असेल तर सांग, आत्ता सांग."

मला मार्ग माहीत नव्हता. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. महिनाभर मार्ग शोधायला त्याने मला दिला असता, तर मी लाँड्रीत पाळी बदलून मागितली असती, शिडीच्या पाया पडले असते, शेजारणीला विचारलं असतं, रडले असते, भांडले असते, आणि कदाचित शेवटी मीच ठकीची पिशवी भरली असती. तो महिना त्याने घासून गुळगुळीत करून टाकला होता.

"फोन करायला लावलास मला."

"स्वेटरचे आभार मान म्हटलं मी."

"आणि ताईंना काय सांगितलं होतंस?"

"काही नाही. एवढंच, की ठकीची आई तयार झाली की स्वतःच फोन करेल." तो माझ्याकडे बघत नव्हता. "एक शब्द खोटा बोललो असेन तर दाखव मला. एक."

मी खरंच शोधला. उभ्या उभ्या, ओट्याला टेकून, सगळ्या संध्याकाळी पुन्हा उलथून पाहिल्या. सापडला नाही. खोटं सापडलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं! खोटं उचलून त्याच्या तोंडावर मारता येतं. पण ज्याला बहीण आहे तो बहिणीचे आभार मानतो, यात काय धरणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

"आणि ठकीला सांगितलंस, आई मागून येणार."

"येशीलच की. सुट्टी मिळेल तेव्हा."

"तिला वाटतंय मी पाठोपाठ येणार. रस्त्यात चालताना आई मागून येते तशी."

"मागून म्हणजे मागून," तो म्हणाला. पण या वेळी त्याचा आवाज फाटला. त्याने दोन्ही हातांत तोंड धरलं. खांदे हलायला लागले. मला त्याची दया आली, आणि ती आल्याचा संताप आला. इतक्या महिन्यांत तो एकदाही रडला नव्हता. कुलूप लागलं तेव्हाही त्याने गरम पाण्याचे आभार मानले होते. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असं अंतर होतं. माझा हात अर्ध्यावर गेलाही. मग मला दिसलं, की मी हात ठेवला की तोही होकारच ठरेल, आणि मी तो मागे घेतला. फोन उचलला.

"करू नकोस," तो हातांमधून म्हणाला. "तिचं मन मोडेल."

ताईंनी पहिल्याच घंटेला उचलला. "निघाली का माझी बाय? दाढ निघाली? रडली का?"

"नाही रडली." मी भिंतीकडे तोंड केलं. "ताई, मला एक सांगायचंय. मी त्या दिवशी आभार मानले ना तुमचे..."

"अगं पुरे ते आभार! आपल्यात कसले आभार?"

"ते स्वेटरचे होते ताई."

पलीकडे काहीतरी खरवडल्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

"मला बाकी काही माहीतच नव्हतं. आज दवाखान्यात कळलं. ठकीच्या तोंडून."

 ताई म्हणाल्या, "स्वेटरचे." पुन्हा म्हणाल्या, "स्वेटरचे होय." आणि मग, तो मोठा आवाज कुठेतरी खोल विहिरीत पडल्यासारखा, "मी म्हटलंच होतं त्याला, आईच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी पोरीला हात लावायची नाही. तुझ्या तोंडून ऐकलं म्हणून खोली काढली गं मी. भिंतीला हात दिलाय पिवळा. आत्ता खिडकीवरचे डाग खरवडत होते."  त्याने मला एकटीलाच फसवलं नव्हतं. "रागावू नका ताई," मी म्हणाले. "तुझ्यावर कशाला रागावू? तू स्वेटरचे मानलेस, ते मला पोचले," त्या म्हणाल्या. "भावाला दे फोन."

मी फोन त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. त्यातून आवाज येत होता, त्याचं नाव घेत होता, लहानपणचं, मी कधी न वापरलेलं.  शेवटी त्याने तो कानाला लावला, आणि मी पहिल्यांदा त्याला काहीही न गुळगुळीत करता बोलताना ऐकलं. "हो. हो ताई. मीच. नाही, तिला नव्हतं माहीत." मी बाहेर आले. परवाचं काय करायचं ते मला अजून कळत नव्हतं. पाळीवाला मुकादम ऐकेल की नाही, शेजारीण हो म्हणेल की नाही, काही नाही. एवढंच, की जे काही होईल ते मी जागी असताना होणार होतं.

ठकी खाटेवर उठून बसली होती. ओठ सुजून दुप्पट झालेला. तिने दाराआडून किती ऐकलं कोण जाणे. मी तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं, की आई पाठोपाठ येणार नव्हती. बाबाने सांगितलं तसं नव्हतं ते. आई इथेच राहणार होती आणि तू तिथे. म्हणून आत्ता तरी तू जायचं नाहीस, बाकी काय करायचं ते आपण मिळून बघू.

मला वाटलं, ती बिलगेल. ती हत्तीच्या पायाचा दोरा ओढत राहिली.

"मासे?" तिने विचारलं.

"मासे तिथेच राहणार."

"आणि आत्याने खाट लावलीये ती?"

"तीही."

ती भिंतीकडे बघत विचार करत होती, दात काढण्याच्या दोन प्रकारांचा केला होता तसाच, बराच वेळ. मग सुजल्या ओठाने, सावकाश, एकेक अक्षर जपून उच्चारत तिने विचारलं, "मग आता आत्या कुणाची वाट बघणार?"

आत तो फोनवर अजून हो, हो म्हणत होता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली, अजून काहीतरी सांगेन म्हणून.